वरच्या शेताचे दगड

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (शब्दशः साष्टांग नाही, कंबर धरली आहे, पण भावना तीच.) तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला गेला, की अजून घरजावई होऊन बसलाय? इकडे आम्ही सगळे मजेत. माझी तब्येत तर इतकी उत्तम आहे, की लोकांच्या डोळ्यांवर येते.

तुझं पत्र पोचलं. वरचं शेत गोदामवाल्याला विकून टाकू, सह्यांचे कागद पाठव, तिथं दगडांशिवाय आहे काय, असं तू लिहिलंस. बरोबरच आहे. गेली अकरा वर्षं मीच तुला हे सांगत आलोय. वाटणीत मला खालची काळीभोर जमीन आली आणि तुला वरचा खडक आला, तेव्हापासून एक पत्र असं गेलं नसेल ज्यात मी तुझ्या नशिबाबद्दल हळहळलो नाही. तू लांब असतेस म्हणून दोन्हीकडचा ग्रेनाश मीच सांभाळतो. (ग्रेनाश म्हणजे आपली वाइनची द्राक्षं. दाजींना सांग, ती खायची नसतात. मागच्या खेपेला त्यांनी अर्धी टोपली फस्त केली होती.) तर कागद पाठवणारच होतो, पण मध्ये एक किरकोळ प्रकार घडला. तो आधी सांगतो.

वाइनच्या बाबतीत माझा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नाही, हे तुला ठाऊकच आहे. बढाई नाही मारत, आहे ते सांगतो. बाकीचे बागायतदार चार शेतांचा माल एका टाकीत ओततात आणि वर तोंड करून चव विचारतात. माझं तसं नाही. एक शेत, एक पिंप. तुझा माल वेगळा, माझा वेगळा. (खरं कारण तुझ्यापासून काय लपवायचं? तुझ्या दगडांनी माझी वाइन बिघडू नये म्हणून.) माझ्या जमिनीची मी बडदास्त तरी किती ठेवली! शेणखत घातलं, ठिबक केलं, उन्हाळ्यात वेलींना पाणी पाजताना स्वतः तहानलेला राहिलो. वेली अशा माजल्या की घडांनी तारा वाकल्या. तुझ्याकडे मात्र वर्षातून दोनदाच जायचो, छाटायला आणि तोडायला. बुटक्या वेली, मूठभर घड, खत नाही, पाणी नाही. दगड असे तापतात की दिवस कलला तरी चपलेतून चटके बसतात. कोण जाणार तिथं?

तर आमच्या संघात दरवर्षी चव घेण्याचा कार्यक्रम असतो. पाच बाटल्या कागदात गुंडाळून ठेवतात, आणि कुठली कुणाची ते चवीवरून ओळखायचं. यंदा एका मोठ्या हॉटेलसाठी वाइन निवडणाऱ्या बाई आल्या होत्या. (अंगाने काडी, पण नाक असं की बुचाजवळ नेलं की बाटली आपणहून कबुलीजबाब देईल.) त्यांना एकाच शेतातली वाइन हवी होती, आणि मी तर त्या विषयातला उस्ताद. सगळ्यांनी मलाच पुढे केलं. दुसऱ्या नंबरचा घोट घेतला आणि थुंकलो. म्हटलं, हे सरबत आहे. ज्याची कुणाची ही बाग असेल, त्याने वेली उपटून कांदे लावावेत. हॉल हसला, मी आणखी फुललो. मग चौथा नंबर. ताई, काय सांगू! पिकलेली स्ट्रॉबेरी, मागून मिरपूड, आणि शेवटी उन्हात तापलेल्या दगडाचा वास. डोळे मिटून जाहीर केलं, की ही माझीच. मग अर्धा तास व्याख्यान दिलं: काळी माती कशी बोलते, खाण तशी माती, वगैरे. बाई सगळं वहीत लिहून घेत होत्या.

मग कागद सोडले. चौथ्या बाटलीवर माझ्याच अक्षरात चिठ्ठी होती: ‘वरचं – ताई’. आणि दुसऱ्या नंबरचं सरबत कुणाचं, ते आता लिहवत नाही.

तुझी बाटली तिथं गेली कशी? तुझ्या भावजयीने नेली. तिला विचारलं तर म्हणाली, अकरा वर्षं नुसतं ऐकतेय, एकदा चाखून तर बघू म्हटलं. (बायको आहे की पोलीस?) बाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं, की ही वेल लाडाने बिघडते. सुपीक जमिनीत रानभर पसरते, भाराभर फळं देते आणि चव पाण्यात जाते. दगडात उपाशी ठेवली की जे काही देते त्यात जीव ओतते. मी मान डोलावली, जणू मला हे पाळण्यातच कळलं होतं. थोडक्यात, भर सभेत माती खाल्ली. पण डगमगलो नाही. कांदे कुठल्या महिन्यात लावतात, तेवढं तिथल्या तिथं एकाला विचारून घेतलं.

बाकी ठीक. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. एक बारीकसं काम आहे. शेत विकू नकोस. हॉटेलवाल्या बाईंना ते हवंय, म्हणजे त्यातली वाइन, दरवर्षी. बाटलीवर तुझं नाव राहील. कसायला तेवढं मला दे. गोदामवाल्याला मंगळवारपर्यंत थांब म्हटलंय.

ता. क. २. उपकार म्हणून नको, भाऊ म्हणून दे. इतकी वर्षं त्या दगडांना नावं ठेवली, आता तिथं ट्रक उभे राहतील या विचाराने घास उतरत नाही.

ता. क. ३. हे लिहिल्याशिवाय पाकीट बंद होईना. वाटणीच्या दिवशी आपण दोन चिठ्ठ्या टाकल्या होत्या. पहिली मी उचलली, ‘खालचं शेत’ निघालं, म्हणून दुसरी कुणी उघडलीच नाही. ताई, दुसरीवरही ‘खालचं शेत’च होतं. दोन्ही मीच लिहिल्या होत्या. विक्रीचे कागद सोबत पाठवतोय. हे वाचून सही करावीशी वाटली, तर कर.