यादीतलं पहिलं पुस्तक

९ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि तू रंगवलेली पाटी, दोन्ही पोचलं. मी ‘इथे बोलू नये’ अशी पाटी मागितली होती, तू ‘इथे वाचावे’ अशी करून पाठवलीस. आमचे ग्रंथपाल साहेब ती दोन मिनिटं बघत उभे राहिले आणि हीच लावा म्हणाले. अक्षर कोणाचं म्हणून सगळे विचारतात. आत्याचं, ती गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या रंगवते, असं मी ऐटीत सांगते.

आता कामाचं. आमचं वाचनालय दरवर्षी वाचकांसाठी दहा ऐतिहासिक कादंबऱ्यांची यादी छापतं. प्रत्येकीखाली चार ओळींचा मजकूर असतो: कशाबद्दल आहे, कोणी वाचावी, का वाचावी. ही यादी शहरातल्या सगळ्या शाखांत आणि शाळांत जाते. लोक ती हातात धरूनच येतात. यंदा हे काम माझ्याकडे आलंय. नऊ पुस्तकं मी निवडायची. पहिलं समितीने आधीच ठरवलंय. तू ओळखलं असशील. त्याची नवी आवृत्ती निघते आहे, आणि त्याच्या लेखकाने, मास्तरांनी, आपली सगळी कागदपत्रं, सात खोकी, आम्हाला भेट दिलीत.

आपल्या घरात ते पुस्तक कधी आलं नाही. मी शाळेतून एकदा आणलं होतं, तर बाबांनी माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः परत देऊन आले. त्यात तुझे आजोबा आहेत, एवढंच म्हणाले. आता विचारायला बाबाही नाहीत. पण वाचल्याशिवाय चार ओळी लिहिता यायच्या नाहीत. वाचू का?

गुडघ्याला तेल लावतेस ना? शिडीवर चढणं बंद कर.

तुझ्या मायेत राहू इच्छिणारी,
टिटवी


१६ जानेवारी

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा ठीक आहे. शिडी सोडणार नाही. काल औषधाच्या दुकानाची पाटी पुरी केली, वीस फूट लांब. खाली उभं राहून सूचना देणारे चार जण होते, रंगाचा डबा धरणारा एक नाही.

वाचू का म्हणून विचारतेस. चाळिशी उलटलेल्या बाईला मी काय नाही म्हणणार. पण आधी माझ्याकडून ऐक.

तुझे आजोबा, आमचे अण्णा, नदीकडच्या मोठ्या दरवाजाचे रखवालदार होते. युद्धात गावाला वेढा पडला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. एका पहाटे तो दरवाजा उघडा सापडला आणि शत्रू आत शिरला. नंतर चौकशी झाली. अण्णांना आठ दिवस प्रश्न विचारले आणि सोडलं. गावात कोणी त्यांच्याकडे बोट दाखवलं नाही. रस्त्यात थांबवून लोक तब्येत विचारायचे.

अठरा वर्षांनी हे पुस्तक आलं. पहिल्या पानावर छापलंय की सगळी पात्रं काल्पनिक आहेत. आणि आत उजव्या हाताची दोन बोटं नसलेला रखवालदार आहे, दारूपायी बोटं घालवून बसलेला. तो पिठाच्या तीन पोत्यांसाठी दरवाजा विकतो. अख्ख्या गावात आठ बोटांचा माणूस एकच होता.

महिन्याभरात न्हाव्याने अण्णांची दाढी करायची सोडली. शेजारणी मला बघून खिडक्या लावून घेऊ लागल्या. दर वर्षी त्या तारखेला आमच्या दारात कोणीतरी तीन रिकामी पोती टाकून जायचं. तुझा बाप विसाव्या वर्षी गाव सोडून गेला तो यामुळे. अण्णा मात्र पुढची अकरा वर्षं रोज त्या दरवाजाच्या पायऱ्या चढले, पाठीवर सगळ्यांच्या नजरा घेऊन. ते गेले तेव्हा त्यांना पोचवायला आम्ही दोघं भावंडं होतो. तिसरं कोणी नव्हतं.

तेव्हा यादीवरून त्याचं नाव खोडून टाक. समिती ऐकत नसेल तर नोकरी सोड आणि माझ्याकडे ये. अक्षर तुझं वाईट आहे, पण ब्रश धुवायला चालशील.

तुझ्यावर जीव टाकणारी, पण या बाबतीत न ऐकणारी,
आत्या


२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पुस्तक वाचलं. तुला खोटं सांगणार नाही: चांगलं आहे. वेढ्यातली भूक, रांगेत उभ्या बायका, एक बटाटा कापून पाच ताटांत वाढणारी आई, हे वाचताना मी बसचा थांबा चुकवला. नवव्या प्रकरणात आजोबा आले तेव्हा मात्र पुस्तक मिटलं आणि तासाभराने पुन्हा उघडलं. वाईट लिहिलं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता, हे तेव्हा लक्षात आलं.

मग मी तळघरात जाऊन ती सात खोकी उघडली. खोक्यांची नोंद करायचं कामही माझंच आहे, त्यामुळे चोरीछुपे काही केलं नाही. चौथ्या खोक्यात त्या कादंबरीचा पहिला मसुदा होता, तीनशे बारा पानं, सुतळीने बांधलेली. ते अक्षर मास्तरांचं नाही. मला ओळखायला एक ओळ पुरली. ओळीच्या शेवटच्या अक्षराची शेपटी खाली ओढायची तऱ्हा आमच्या वाचनालयाच्या भिंतीवरच लटकते आहे.

आत्या, तो मसुदा तुझ्या हातचा आहे. आणि त्यातलं नववं प्रकरण वेगळं आहे. त्यात गिरणीचा मालक काहीतरी निमित्त करून रखवालदाराकडून किल्ली मागून घेतो. दरवाजा तो उघडतो. रखवालदार पहाटे धावत येतो, दरवाजा बंद करायला एकटाच त्याची साखळी खाली ओढायला लागतो आणि साखळीत त्याची दोन बोटं जातात.

त्या पानाच्या समासात पेन्सिलीने, मास्तरांच्या अक्षरात, दोन वाक्यं आहेत. तुला जशीच्या तशी लिहिते: गिरणीवाल्याच्या जागी रखवालदार घ्यावा. त्याच्यासाठी भांडायला कोण येणार?

तू मला हे का सांगितलं नाहीस?

उत्तराची वाट पाहणारी,
टिटवी


१४ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र पेटीत ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. दहा दिवस एकही पाटी धड झाली नाही.

मास्तर आमच्याकडे वरच्या खोलीत दोन वर्षं भाड्याने राहत होता. शाळेत इतिहास शिकवायचा. संध्याकाळी आमच्याबरोबर जेवायला बसायचा. माणूस बोलका. अण्णांनी चौकशीतही जे सांगितलं नाही ते त्याला सांगितलं, कारण मी सांगा म्हटलं. गिरणीवाला तेव्हा गावचा कारभारी होता. सकाळी धान्याच्या गाड्या आत घ्यायच्या आहेत म्हणून तो किल्ली घेऊन गेला. चौकशीला बसणारेही त्याचेच लोक होते, म्हणून अण्णा गप्प राहिले. आम्ही दोघं लहान होतो.

मास्तर लिहायचा, मी स्वच्छ प्रत करायचे. शेवटचं पान लिहून झालं त्या दिवशी त्याने मला लग्नाचं विचारलं आणि मी हो म्हटलं. हे फक्त तुझ्या बापाला माहीत होतं.

मग शाळा चालवणाऱ्या गिरणीवाल्याने मास्तरला घरी जेवायला बोलावलं. सहा महिन्यांत त्याचं लग्न गिरणीवाल्याच्या मुलीशी झालं आणि पुस्तकही सासऱ्यानेच छापून दिलं. मला एक चिठ्ठीसुद्धा आली नाही. काय बदललंय ते मला पुस्तकाच्या दुकानात उभं राहून वाचल्यावर कळलं.

तेव्हा बोलले असते तर लोक म्हणाले असते, लग्न मोडलं म्हणून जळते आहे. मसुदा त्याच्याकडे होता, माझ्या हातात काही नव्हतं. आणि दुसरं कारण हे की त्याला आमच्या पंगतीला मीच बसवलं होतं. अण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

मला वाटायचं त्याने तो मसुदा जाळला असेल. पण स्वतःचं लिखाण, मग ते कोणाच्याही हातचं असो, फेकवत नाही असल्या माणसांना. समासातला शेरा तो विसरला असेल. मी आता विसरणार नाही.

यादीवरून नाव खोडू नकोस. पहिलंच ठेव. आणि चार ओळी अशा लिही की पुन्हा कोणाला ते पुस्तक मसुद्यावाचून वाचता येऊ नये.

तुझी,
आत्या


२१ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

यादी छापून आली. सोबत एक प्रत ठेवली आहे. पहिल्या क्रमांकाखाली असं आहे:

वेढ्यातल्या गावाचं इतकं जिवंत चित्र क्वचित वाचायला मिळतं, जरूर वाचावी. नवव्या प्रकरणापाशी मात्र थांबावं. लेखकाच्या पहिल्या मसुद्यात रखवालदार दरवाजा उघडत नाही, तो बंद करताना आपली बोटं गमावतो. हा बदल का केला ते लेखकाने समासात स्वतः लिहिलं आहे. मसुदा वाचनकक्षात पाहायला मिळेल.

गिरणीवाल्याने दरवाजा उघडला असं मी लिहिलेलं नाही. तू रागावशील, पण मसुदा हा त्याचा पुरावा नाही. मास्तरांना काय माहीत होतं आणि त्यांनी काय केलं, याचा मात्र आहे.

साहेबांना मी आजोबांचं नातं आधीच सांगितलं. त्यांनी मजकूर तीनदा वाचला, तळघरात येऊन मसुदा पाहिला आणि यात एक तरी शब्द खोटा आहे का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर सही केली. नंतर प्रकाशकाचा माणूस येऊन टेबलावर हात आपटून गेला, मला कामावरून काढायची मागणी करून. साहेबांनी त्यालाही मसुदाच दाखवला.

वाचनकक्षात रोज रांग असते. काल एका शाळेचा अख्खा वर्ग आला होता. मुलं आधी समास वाचतात.

तू हसलीस का, ते कळव. तुझ्या लोभाची धनीण,
टिटवी


११ एप्रिल

स. न. वि. वि.

तुला लिहावं की तुम्हाला, हे ठरवण्यातच दोन कागद वाया गेले. जुन्या सवयीने तू लिहितो.

मी शहात्तर वर्षांचा आहे. पत्नी गेल्या वर्षी गेली. नवी आवृत्ती प्रकाशकाने थांबवली आहे. शाळा मला पत्रं पाठवून त्या शेऱ्याचा अर्थ विचारतात. तो शेरा एकोणतीस वर्षांच्या, घाबरलेल्या माणसाने लिहिला होता. कादंबरीकाराला पात्रं बदलण्याची मुभा असते, हे तुला सांगायला नको. पहिली वाचक तूच होतीस. लोक खऱ्या माणसाला इतका त्रास देतील असं मला वाटलं नव्हतं. कळल्यावरही मी आलो नाही, हे कबूल करतो.

तुझ्या भाचीला सांगून ती यादी मागे घेववलीस तर मी नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहीन आणि तुझ्या वडिलांचा आदराने उल्लेख करीन. जुन्या दिवसांना स्मरून एवढं कर.

तुझा लोभ मागायचा अधिकार नाही, तरी मागतो.

वरच्या खोलीतला मास्तर


१८ एप्रिल

मास्तर यांस,

पत्र पोचलं. तुम्ही मला तुम्हीच लिहावं.

भाचीला मी काही सांगणार नाही. प्रस्तावना नको. प्रस्तावना कोणी वाचत नाही.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी दहा वाजता नदीकडच्या दरवाजाशी यावं आणि पायऱ्यांवर उभं राहून पहिल्या मसुद्यातलं नववं प्रकरण गावासमोर मोठ्याने वाचावं. समासासकट. नाही आलात तर दरवाजाशेजारच्या भिंतीवर तो समास मी रंगवीन. भिंत मोठी आहे आणि नगरपालिकेची परवानगी माझ्या हातात आहे.

लोभ नाही, नसावा.

रखवालदाराची मुलगी


८ मे

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

पुरे कर आता, असं तू लिहिलंस. आधी काय झालं ते ऐक.

मास्तर आला. मी चार दिवस आधी चौकात पाटी लावली होती, म्हणून गाव जमलं होतं, शंभराच्या वर माणसं. माझ्यासाठी पुढे स्टूल ठेवलं होतं. तू पाठवलेल्या पानांची प्रत त्याच्या हातात दिली. माझं अक्षर बघून त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी वाचा म्हटलं.

आवाज बसलाय त्याचा. साखळीपाशी, बोटं जातात त्या ओळीला, तो थांबला. मी पुढे म्हटलं. समास वाचायच्या आधी पुन्हा थांबला. मी पुन्हा पुढे म्हटलं. त्याच्यासाठी भांडायला कोण येणार, हे त्याने वाचलं. न्हाव्याचा मुलगा, आता तोही म्हातारा झालाय, डोक्यावरची टोपी काढून उभा होता. दोन म्हाताऱ्या मान खाली घालून निघून गेल्या. त्या दोघींनी एके काळी खिडक्या लावल्या होत्या.

वाचून झाल्यावर तो पायऱ्या उतरला आणि झालं का, असं विचारलं. मी म्हटलं, उद्या दहाला या. अकरा वर्षांबद्दल अकरा दिवस. वर्षाला एक दिवस म्हणजे काहीच नाही. कोणी त्याला बांधून ठेवलेलं नाही, सकाळची बस रोज जाते. पण तो येतो.

माणसं कमी होत गेली. आज फक्त सात होतो. तुला वाटेल मला हलकं वाटत असेल. तसं काही वाटत नाही. सकाळी साडेनऊलाच तयार होऊन मी तिथे बसते आणि त्याची कीव येते का ते बघते. अजून आलेली नाही. आली तर तुला कळवीन, लपवणार नाही.

आज सहावा दिवस होता. चार पानं झाल्यावर त्याने दरवाजाला हात टेकवला आणि बसायला काही मिळेल का, असं त्याने विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हटलं. त्याने पान उलटलं आणि पुढे वाचायला लागला.

अजून पाच दिवस आहेत. तोवर मला शहाणपणा शिकवू नकोस, माया मात्र आहे तेवढीच ठेव.

तुझी,
आत्या