तिसरं कडवं आधी घ्यायला हवं होतं

मी, लुआ ग्यू, गाण्याच्या दुनियेत ‘तोन्कुई’ या नावाने ओळखला जाणारा, वय वर्षे अडुसष्ट, धंदा रेगे गायन, जन्म पश्चिमेच्या डोंगरातल्या मान शहरी, सध्या राहणार योपुगों, आबिजान, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. साखरेच्या आजाराने माझ्या डाव्या पायाची बोटं नेली, डोकं अजून जागेवर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे आणि माझ्या बायकोला तो मान्य नाही. माझ्यावर कुणाचा दबाव नाही आणि मी दारू घेतलेली नाही.

कलम १. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत. स्टेजवरून बोलून दाखवलेलीही त्यात आली. एका कार्यक्रमात मी माझं घर ‘या शहरातल्या प्रत्येक बेघराला’ दिल्याचं जाहीर केलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात-आठ माणसं सामानासह दारात उभी. माझी पत्नी आफुए हिने त्यांना कसाव्याच्या कंदाचं आत्तिएके आणि तळलेला मासा खाऊ घालून वाटेला लावलं. मग पुढचा महिनाभर तिने मला धारेवर धरलं.

कलम २. घर, आवार आणि मागचं आंब्याचं झाड आफुएचं. मी दौऱ्यांवर हिंडत होतो तेव्हा हे घर तिने उभं केलं, मी फक्त आयता राहायला आलो. बँकेत जे आहे तेही तिचंच. किती आहे हे ती मला सांगत नाही, तेव्हा इथे लिहिता येत नाही.

कलम ३. ध्वनिमुद्रणाची खोली आणि तिथली यंत्रं मुलगा ब्लेझ याची. तो नाचाचं संगीत करतो. माझ्या संगीताविषयी त्याचं मत असं आहे, “बाबा, तुमचं गाणं सुरू होईपर्यंत लोक जेवून हात धुऊन येतात.” असू दे. माझी गाणी त्याने हवी तशी मोडावीत, फक्त एका गाण्याला हात लावू नये. त्याबद्दल कलम ६ पाहावं.

कलम ४. माझी जुनी गिटार मानच्या मुलींच्या शाळेला द्यावी. तिची एक खुंटी सैल आहे, मुली सांभाळून घेतील. मधल्या खोलीत कपाटामागे जी बास गिटार उभी आहे ती माझी नाही, त्यामुळे ती कुणाला देण्याचा मला हक्क नाही. ती नाहुआ सिलुएची आहे. माझ्या बँडमध्ये वीसेक वर्षं तो माझ्या उजव्या हाताला उभा राहून ती वाजवत होता. गाणी माझी असतील, पण लोक नाचायचे ते त्याच्या बोटांवर. गिटार त्याच्या घरी पोचती करावी, कारण न्यायला तो येणार नाही.

कलम ५. जुने हिशोब. रेडिओवरच्या ज्या गृहस्थांनी मला ‘देशाची सदसद्विवेकबुद्धी’ अशी पदवी दिली, त्यांच्या हातात माझ्या अंत्यविधीत माइक जाऊ देऊ नये. त्यांनी ती सहज दिली असेल, पण मला ती आवडली आणि मी ती अंगावर चढवून फिरलो. मी मंत्र्यांना पाण्याबद्दल जाब विचारला, शिपायांना लाचेबद्दल, व्यापाऱ्यांना कोकोच्या भावाबद्दल. लोकांनी डोक्यावर घेतलं. दुसऱ्याला जाब विचारायची चटक लागली की एक दिवस आपल्यालाही कुणी विचारेल हे ध्यानात राहत नाही. सरकारी पदक स्वयंपाकघरात आहे, आफुए त्यावर गरम भांडं ठेवते. ते तिथेच बरं आहे. माझ्या कॅसेटी चोरून छापणाऱ्यांना मी माफ करतो. त्यांच्यामुळे माझा आवाज खेडोपाडी पोचला. आता वाटतं, जरा कमी पोचला असता तर बरं झालं असतं.

कलम ६. ‘उचल गाठोडं’ या गाण्याविषयी.

वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात हकीकत लिहायची नसते. मी म्हटलं, बाई, मागे ठेवण्यासारखी हकीकतच आहे, बाकी माझ्याकडे काय आहे?

मी याकुबा, नाहुआ सेनुफो. आमच्या दोन जमातींत पूर्वापार थट्टेचं नातं आहे, त्याला तुकपे म्हणतात. याकुबाने सेनुफोला गुलाम म्हणावं, सेनुफोने याकुबाला म्हणावं. कुणी रागवायचं नाही, कुणी कुणाचं रक्त सांडायचं नाही, आणि एकाने काही मागितलं तर दुसऱ्याने नाही म्हणायचं नाही. नाहुआ सकाळी फाटकातूनच ओरडायचा, “ए गुलामा, ऊठ! मालक दारात उभा आहे, पाणी आण!” मी आतून म्हणायचो, “माझ्या आजोबाने तुझ्या आजोबाला दोन कोंबड्या देऊन विकत घेतला, आणि माल बघून एक कोंबडी परत मागितली!” आमची भांडणं ऐकायला शेजारी खिडक्या उघडून बसायचे.

नाहुआचा थोरला भाऊ झिए उत्तरेला कोरोगोत राहायचा, चघळायच्या कोलाच्या बिया विकायचा. पहिल्या दौऱ्यात हॉटेल परवडत नव्हतं म्हणून आम्ही सगळे त्याच्याकडे उतरलो. जेवताना मी पुन्हा भात मागितला तेव्हा तो बायकोला म्हणाला, “यले, हंडी लपव बाई. हा गुलाम हंडीसकट खाईल.”

मी म्हटलं, “तूच गाठोडं उचल आणि नीघ. हे घर माझ्या बापाचं आहे.”

झिए इतका हसला की त्याला ठसका लागला. त्या ठसक्याच्या तालावर मला चाल सुचली.

गाण्याला तीन कडवी होती. पहिल्यात, उचल गाठोडं गुलामा, हे घर माझं आहे. दुसऱ्यात, तुझी पोरंबाळंही घेऊन जा. तिसऱ्यात, अरे वेड्या, निघालास कुठे, भात वाढलाय, तू गेलास तर मी शिव्या कुणाला देऊ? सगळी माया त्या तिसऱ्या कडव्यात होती.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी नाहुआ म्हणाला, “तिसरं कडवं आधी घे.”

“का रे?”

“कोरोगोत लोकांना कळेल. या शहरात आपल्या नात्यातले असे कितीसे? लोक पहिल्या कडव्यापाशीच थांबतात, गुलामा. पुढचं ऐकतंय कोण?”

“चाल चढत गेली पाहिजे. तिसरं आधी घेतलं तर सगळी मजा जाईल.”

“इथे मालक तू की मी?”

“मी.”

“मग मर,” असं म्हणून तो वाजवायला लागला.

पुढे यादवी पेटली आणि देशाचे उत्तर-दक्षिण असे दोन तुकडे झाले. नाव उत्तरेकडचं दिसलं की माणसाला गाडीतून उतरवू लागले. नाक्यानाक्यावर पोरं फळ्यांना खिळे ठोकून रस्ता अडवून बसली, आणि माझं गाणं म्हणू लागली. पहिलं कडवंच. रेडिओही तेच लावायचा. नाहुआ घरी आला आणि म्हणाला, “आत्ता रेडिओवर जा. सांग त्यांना, ही थट्टा आहे. तिसरं कडवं म्हणून दाखव.”

मी म्हटलं, “लोकांना कळतं रे.”

लोकांना कळत नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण त्या दिवसांत मी जाईन तिथे पोरं मला खांद्यावर घेत होती. आणि तोंड उघडलं तर हीच पोरं माझं घर जाळतील अशी भीतीही होती. भीती जास्त होती की गोडी जास्त होती, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. नाहुआला मी म्हटलं, उद्या जातो. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही, आणि नंतरही नाही.

त्याच आठवड्यात झिए मिनीबसने दक्षिणेला निघाला होता, नाहुआला घरी घेऊन जायला. एका नाक्यावर पोरांनी त्याचं ओळखपत्र पाहिलं, नाव वाचलं आणि गाणं सुरू केलं. बाकीचे प्रवासी खाली मान घालून बसले. झिए हसला. त्याला वाटलं, ही याकुबांची पोरं दिसतायत, नातं पाळतायत. गाणं त्याच्याच घरातलं, त्याच्याच भातावरचं. मग त्याने रीतीप्रमाणे उलट शिवी दिली. ती पोरं याकुबा नव्हती. त्यांनी त्याला खाली ओढला आणि रस्त्याच्या कडेला मारून टाकला. हे मला त्या मिनीबसच्या ड्रायव्हरने सांगितलं.

मी नाहुआकडे गेलो. वाटलं होतं, माझा गळा धरेल. धरला असता तर बरं झालं असतं. त्याने दार उघडलं आणि म्हणाला, “या, लुआसाहेब. बसा. पाणी घेणार का तुम्ही?”

तेव्हापासून आज अठरा वर्षं तो माझ्याशी असाच बोलतो. लग्नात भेटला तर वाकून हात मिळवतो, आफुएची तब्येत विचारतो. बघणाऱ्याला वाटेल, काय सभ्य माणूस आहे. आमच्यात शिवी थांबली म्हणजे काय झालं, हे फक्त आम्हाला कळतं.

तर या गाण्याचं जे काही उत्पन्न येईल ते झिएची बायको यले हिला द्यावं. माझ्या हातून तिने आजवर काहीच घेतलेलं नाही. माझ्यामागे ब्लेझने एकदा विचारावं, ती नाही म्हणाली तर गप्प परत यावं. गाणं बंद करणं माझ्या हातात राहिलेलं नाही, ते अजून बारशाला आणि लग्नाला वाजतं. ते लिहिल्याची मला लाज वाटते, गप्प राहिल्याची त्याहून जास्त वाटते. आणि सगळ्यांत जास्त लाज याची, की कुठून ती चाल कानावर आली की माझा धड असलेला पाय अजूनही ताल धरतो.

कलम ७. माझ्या अंत्यविधीत नाहुआ सिलुएने माझी टोपी घालून शवपेटीपुढे रस्त्यात बसावं, माझी नक्कल करावी, मला गुलाम म्हणावं, आणि त्याचं समाधान झाल्याशिवाय पेटी पुढे जाऊ देऊ नये.

वरच्या कलमावर मी स्वतः रेघ मारली आहे. माझे वडील गेले तेव्हा नाहुआने हेच केलं होतं. वडिलांची टोपी घालून तो भर रस्त्यात बसला आणि ओरडू लागला, “या म्हाताऱ्याने माझा कोंबडा खाल्लाय! आधी उठवा त्याला, कोंबडा ओकायला लावा, मग न्या!” रडून रडून दमलेली माझी आई तोंडावर हात ठेवून हसली. मलाही तसं हवं होतं. मला शिवी खाऊन जायचं होतं. मग लक्षात आलं की थट्टेच्या नात्यात मागणं नाकारता येत नाही. मी मागितलं तर त्याला रस्त्यात बसावंच लागेल, भावाला मारणाऱ्या गाण्याच्या मालकापुढे हसावं लागेल. त्याच्याकडून माफी अशी उकळणं म्हणजे तेच नातं मी दुसऱ्यांदा नासवणं. म्हणून हे कलम रद्द. तो आला आणि नुसता हात जोडून उभा राहिला, तर त्याला खुर्ची द्यावी, पाणी द्यावं, आणि ब्लेझ, तू त्याला काहीही सुचवायचं नाहीस.

पुरवणी, सहीच्या दिवशी लिहिलेली. माझं नाव होण्याआधीपासून मला ओळखणारा एक साक्षीदार हवा, असं वकीलबाईंचं म्हणणं पडलं. मला न विचारता आफुएने नाहुआला फोन केला. तो इस्त्रीचा सदरा घालून आला. साक्षीदाराने सही पाहिली तरी पुरते, पण त्याने चष्मा लावून सगळं वाचून काढलं.

“कलम चार, लुआसाहेब. गिटार मानच्या शाळेत देताय तर सोबत तारा द्या. तिथे तारा मिळत नाहीत.”

“लिहितो.” (तारा द्याव्यात.)

कलम सातपाशी त्याने रेघेवर बोट ठेवलं. “यावर रेघ मारलीत तुम्ही.”

“हो.”

“बरं केलंत.” मग चष्मा काढून पुसत म्हणाला, “झिएने त्या पोरांना काय उत्तर दिलं होतं, माहीत आहे का तुम्हाला?”

मी नाही म्हटलं. मला एवढंच माहीत होतं की त्याने शिवी दिली. ड्रायव्हरने ते शब्द फक्त नाहुआला सांगितले होते. ते त्याने मला सांगितले, हळू आवाजात, न हसता. त्या वाक्यात माझं नाव होतं. यलेच्या हंडीचंही नाव होतं आणि गुलाम हा शब्द दोनदा होता. त्या नाक्यावर झिए माझीच थट्टा करत होता. आफुएला हुंदका आवरला नाही, आणि मलाही नाही.

जरा सावरल्यावर मी विचारलं, “हे इथे लिहू का?”

“लिहा की,” नाहुआ म्हणाला. “आमच्या घरातली थट्टा उचलून लिहायची तुम्हाला सवयच आहे.”

अठरा वर्षांत त्याने मला मारलेला हा पहिला टोमणा. तो नात्यातला होता की खरा होता, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मी विचारलंही नाही. झिएचं वाक्य मी इथे लिहिलेलं नाही.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, रेघ मारलेल्या कलमासह मला मान्य आहे.

लुआ ग्यू (सही)

आमच्यादेखत सही झाली:

१. क्लेमांतीन आका, शिवणकाम, शेजारी (सही)

२. नाहुआ सिलुए, बास गिटारवादक (सही)

आबिजान, योपुगों, १९ मार्च २०२१