छोटी खोली आणि माझी जय्यत तयारी

३ मार्च, सकाळी ६.४०
आजपासून रोज लिहायचं. वाचणारं कुणी नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.
काल जेवताना हिने विषय काढला. अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना तिसऱ्या मजल्यावर चढवत नाही. एकटं ठेवणंही बरं नाही. तेव्हा २० तारखेला ते आपल्याकडे राहायला येणार, कायमचे. आपलं घर तळमजल्यावर. छोटी खोली रिकामी हवी.
छोट्या खोलीत माझं प्रवासाचं सामान आहे. ही त्याला पसारा म्हणते.
मी ताबडतोब हो म्हणालो. सतरा दिवस म्हणजे चिक्कार. शिवाय डोक्यात एक कल्पना आली. सामान बाहेर निघणारच आहे, तर सगळं तपासून, नीट लावून एक सॅक कायम भरलेली ठेवायची. मनात आलं की उचलायची आणि निघायचं. एप्रिलमध्ये डोंगरात आठ दिवस. एकट्याने.
बसल्या जागी पाय हलत असतात हल्ली. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक भिंतीवरची अक्षरं वाचत असतं आणि मला त्याच्या डोक्यावरून वाटा दिसतात.

४ मार्च
लेकीचा फोन. बाबा, तुम्ही शेवटचे कुठे गेला होतात, असं विचारलं. असल्या गोष्टी लक्षात ठेवायच्या नसतात, म्हटलं. तीच म्हणाली, मी चौथीत होते.
ती आता नोकरी करते. कामाच्या ताणाने मुलं अशी बोलतात.

६ मार्च
योजना पक्की. तीन ढीग. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. एक रविवार पुष्कळ झाला. हिला तसं सांगितलं. ही कपडे वाळत घालत होती. बरं म्हणाली.

९ मार्च, रविवार, सकाळी ९
सुरुवात. सगळं जमिनीवर काढलं. सॅक तीन, ट्रॉली बॅगा दोन (चाकं मिळून पाच), खांद्यावरच्या बॅगा सहा, तंबू एक, स्लीपिंग बॅग दोन, मानेच्या उशा चार, टॉर्च सात, हॉटेलचे साबण मोजले नाहीत.

सकाळी ११.३०
ठेवायचं: सगळं. द्यायचं: एक मानेची उशी. टाकायचं: काही नाही. निर्णय घेण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

दुपारी ४
टॉर्चमध्ये सेल फुटून हिरवी भुकटी झाली आहे. सातही टॉर्चमध्ये. कंपन्या पूर्वीसारखा माल काढत नाहीत. आणखी एक आणावा लागेल, तुलना करायला.

संध्याकाळी ६.३०
तंबू तपासायला हॉलमध्ये उभा केला. फरशीत खुंट्या जात नाहीत, म्हणून एक दोरी टेबलाच्या पायाला आणि एक फ्रिजच्या दाराला बांधली. आतून पाहणी करत होतो, तेवढ्यात हिने दूध काढायला फ्रिज उघडला.
तंबू पडण्याचा वेग मात्र वाखाणण्याजोगा. वादळात चटकन आवरता येईल.

१० मार्च
ढीग जमिनीवरच आहेत. एका रविवारी दोन कामं होत नाहीत. पुढच्या रविवारी लावणं.

११ मार्च
डोंगरात चालायचे जुने बूट वापरात आणले पाहिजेत. आज तेच घालून दुकानात गेलो. चालताना एकदम पंचवीस वर्षांचा झाल्यासारखं वाटलं. तिसऱ्या चौकात डाव्या बुटाचा तळ सुटला, दुकानाच्या पायरीवर उजव्याचा. दिवसभर रबर बँड लावून गिऱ्हाइकांचे नंबर काढले. एका बाईंनी विचारलं, पट पट कसला आवाज येतोय. मी म्हटलं, आता खालची ओळ वाचा.
त्यांनी अक्षरं वाचली आणि मग म्हणाल्या, तुमचा बूट.
नजर उत्तम आहे. चष्म्याची गरज नाही. एक गिऱ्हाईक गेलं.

१३ मार्च
चेन बिघडलेल्या तीन बॅगा घेऊन बॅग दुरुस्तीवाल्याकडे गेलो. कुठला दौरा, असं त्याने विचारलं. लवकरच निघतोय, म्हटलं. तो शिलाई मशीन थांबवून म्हणाला, मागच्या खेपेलाही लवकरच म्हणाला होतात. मग फळीवरून माझी एक निळी बॅग काढली. दोन वर्षं झाली म्हणे तयार होऊन.
तीन घेऊन गेलो, चार घेऊन आलो. त्याने तिन्हींच्या चेन तिथल्या तिथे मेण लावून चालत्या केल्या. नुसत्या गंजल्या होत्या. वापरत जा, म्हणाला. कारागीर माणसं बोलायला जरा फटकळच.

१६ मार्च, रविवार
मूळ अडचण सापडली. सामान जास्त नाही, ठेवायची पद्धत चुकीची आहे. बारा पारदर्शक डबे आणले. प्रत्येकाला नंबर आणि वहीत यादी. डबा ४: पाणी. डबा ७: उजेड. डबा ९: मान.
दिवसभर चिठ्ठ्या चिकटवल्या. अक्षर सुरेख आलं आहे.
डबे रिकामे आहेत, पण जागेवर आहेत. खोलीत आता आत जाताना एकच पाय टेकवता येतो.
हिने दारातून पाहिलं. काही बोलली नाही. ही बोलत नाही तेव्हा तिला पटलेलं असतं.

१८ मार्च
दोन दिवस उरले. अस्वस्थ वाटतं. सारखा उठतो, खोलीच्या दाराशी जातो, परत येतो. ही म्हणाली, एवढ्या खेपांत प्रत्येक वेळी एक वस्तू उचलली असती तर झालं असतं. तिला नियोजन म्हणजे काय ते कधी कळलं नाही.

२० मार्च
अण्णा आले. हातात काठी आणि एक कापडी पिशवी. बाकी सामान मागून येतंय का, असं मी विचारलं. हेच, म्हणाले.
खोली तयार नव्हती. तत्त्वतः होती.
अण्णा आमच्या पलंगावर, ही तिथेच खाली गादीवर, आणि मी हॉलमध्ये स्लीपिंग बॅगेत. बॅगेची चाचणी आयतीच होईल. अण्णा म्हणाले, जावईबापू, माझ्यामुळे तुमची गैरसोय. मी म्हटलं, छे छे, मला सवय आहे.
ही स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी सगळी घासलेलीच होती.

२१ मार्च
पाठ धरली आहे. स्लीपिंग बॅग थंडीसाठी उत्तम. सध्या उन्हाळा आहे.

२३ मार्च, रविवार
आज नेटाने आवरायला बसलो. अण्णांनी दाराशी खुर्ची घेतली आणि एकेक वस्तू बघत, हे कशाला, असं विचारू लागले. पाणी शुद्ध करायची नळी, घडीचा चमचा, शिट्टी बसवलेली होकायंत्राची बांगडी, सगळं समजावलं. दोन तास गेले. सामान जाणणारा माणूस भेटला की बरं वाटतं.
अण्णांनी चौतीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली. म्हणाले, ज्यांच्याकडे खूप बॅगा असायच्या, ती माणसं खिडकीबाहेर बघायचीच नाहीत. आख्खा प्रवास वरच्या फळीकडे नजर.
खरंच आहे. म्हणूनच प्रत्येक बॅगेला साखळी हवी. यादीत टाकलं.

२४ मार्च, संध्याकाळी
चहा पिताना अण्णा सहज बोलून गेले. त्यांची शेवटची अकरा वर्षं समुद्राकाठच्या गावाच्या मार्गावर गेली. गाडी स्टँडला लागायची, चाळीस मिनिटं थांबायची, की परत. समुद्र स्टँडपासून वीस मिनिटांवर. जायला वीस, यायला वीस. म्हणजे तिकडे पोचून लगेच पाठ फिरवायची. ते कधी गेलेच नाहीत. वास यायचा म्हणाले.
हिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, आपण जाऊ. शुक्रवारी. डॉक्टरांना विचारते. चार दिवस, आपण तिघं.
मी टुणकन उठलोच. डोंगर रद्द नाही, पुढे ढकलला. इतक्या वर्षांनी हे घर हलतंय आणि घरात तयार असलेला माणूस एकच आहे. सगळी तयारी माझ्याकडे सोपवा, म्हटलं. ही म्हणाली, तुम्ही फक्त तुमचं बघा.

२५ मार्च
डॉक्टरांनी परवानगी दिली. तिकिटं हिने काढली. बस २८ ला सकाळी सव्वासातला.
समुद्र म्हटल्यावर सगळी यादीच बदलते. डबा २ (थंडी) बाद. नवा डबा १३: वाळू.

२६ मार्च
अण्णांनी आपली पिशवी भरली. मी घड्याळ लावलं होतं. सहा मिनिटं. त्यातलं एक मिनिट काठी शोधण्यात गेलं.
हिची बॅग अर्ध्या तासात. मग दोघं आरामात बसून बोलत होती. कुठल्या बाजूची खिडकी घ्यायची, पाणी गार असेल का. हसत होती. तयारी अपुरी असली की माणूस असा निश्चिंत असतो.

२७ मार्च, संध्याकाळी ७
मोठी ट्रॉली बॅग भरली. तीन चाकांवर नीट उभी राहते, फक्त भिंत लागते. नंबर लॉकचा आकडा बदलला. वाढदिवस, घर नंबर असलं चोर आधी लावून बघतात. कुणाला कधी सुचणार नाही असा आकडा लावला.

२८ मार्च, सकाळी ६.३०
चष्मा पुसायचं कापड आत टाकायचं राहिलं. लॉक उघडत नाही.

सकाळी ६.४५
आकडा मलाही सुचत नाही. घाबरण्याचं कारण नाही. ००० पासून क्रमाने जायचं. हजारच आकडे आहेत.

सकाळी ६.५५
रिक्षा दारात. अण्णा बाहेर पायरीवर उभे. ही म्हणाली, राहू द्या ती बॅग, आहात तसे चला. दोन शर्ट तिथे घेऊ. अण्णाही म्हणाले, जावईबापू, पाण्यात जायला काय लागतं?
मी १८८ वर होतो. मध्येच सोडलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून. आणि पूर्वतयारीशिवाय निघणारा माणूस मी नव्हे. म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, मी मागच्या बसने गाठतो.
हिने पायात चप्पल सरकवली. मला वाटलं, आग्रह करेल. बरं म्हणाली. मग अण्णांचा हात धरून त्यांना रिक्षात बसवलं.
मी खिडकीतून हात केला. एका हाताने. दुसऱ्याने २०३ चालू होता.

सकाळी ७.३५
उघडलं! ७४१. हा आकडा का लावला होता, आठवत नाही. चिकाटी म्हणतात ती हीच. पुढची बस दोनला. मधल्या वेळात बॅग पुन्हा नीट लावून घ्यावी. वाळूचा डबा खाली गेला होता.

दुपारी २.२०
दोनची बस दोनला सुटते.

२९ मार्च
सकाळच्या बसने जाणार होतो. त्याआधी हिला फोन केला, किनाऱ्यावर छत्री मिळते की आपली आणू, ते विचारायला. ही म्हणाली, आता नका येऊ. दीड दिवसासाठी कशाला दगदग. खोली तेवढी बघा.
काळजी करते माझी.
शनिवार असूनही दुकान उघडलं नाही. दोनदा स्टँडपर्यंत फिरून आलो. हातात काही नव्हतं. फारच लवकर पोचलो.

३० मार्च, रविवार, दुपारी १
छोटी खोली रिकामी केली! चार तासांत. फरशी पुसली, अण्णांसाठी कॉट लावली, खिडकीची काच साबणाने धुतली. हॉटेलचे साबण उपयोगी पडले.
सामान सगळं मोठ्या खोलीत हलवलं. तिथे आता शिरता येत नाही. तात्पुरतं छोट्या खोलीत झोपतो आहे. अण्णांची कॉट उत्तम आहे, पाठ मोकळी झाली.

३१ मार्च
दोघं आज येणार म्हणून चहाचं आधण ठेवलं. दोनदा आटलं. मग निरोप आला. अजून दोन दिवस राहतोय.

१ एप्रिल, संध्याकाळी ५.४०
मीच फोन केला. खोली झाल्याचं सांगितलं. हो का, म्हणाली. अण्णा काल गुडघाभर पाण्यात उभे राहिले म्हणे, पँट दुमडून, काठी तिच्याकडे देऊन. लाट आली तेव्हा तिचा हात घट्ट धरला, पण मागे काही सरले नाहीत. रोज दोनदा जातात. चाळीस मिनिटांच्या वर थांबतात.
मी विचारलं, अण्णा माझी आठवण काढतात का. मग म्हटलं, तू काढतेस का.
ही म्हणाली, आवाज तुटतोय.
मला तिचा आवाज अगदी स्वच्छ ऐकू येत होता. मागच्या लाटांचाही. आणि अण्णा तिला हाक मारत होते, चल लवकर म्हणून, तेही.