बाधित पायाचे पुनर्वसन

दि. १५ सप्टेंबर १९९७

प्रति,
मा. पुनर्वसन अधिकारी,
सोनओढा धरण प्रकल्प, जि. अहमदनगर

अर्जदार: श्रीमती मालनबाई रंभाजी गागरे, वय ७४, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, बुडीत गाव हिवरबन, हल्ली मुक्काम राहुरी.

विषय: भूखंडाच्या आधी पाय मिळण्याबाबत.

संदर्भ: १) माझा सन १९७१ चा अर्ज. २) माझा यंदाच्या जूनमधील अर्ज. ३) दोन्हींना मिळून आलेले आपले एकच उत्तर.

महोदय,

१. मे महिन्यात मी न्हाणीत घसरले व उजव्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर सरकारी डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: "वृद्ध असून एकट्या राहतात. तीन महिने शुश्रूषागृहात ठेवून व्यायामोपचाराने पुनर्वसन करावे. शासकीय खर्चास शिफारस." चिठ्ठी जोडून मी अर्ज केला. आवक टेबलावर त्यातला 'पुनर्वसन' एवढाच शब्द वाचला गेला आणि अर्ज आपल्याकडे आला. आपल्या भागात या शब्दाचा दुसरा अर्थ कोणी ऐकलेला नाही, म्हणून माझी तक्रार नाही.

२. आपले लिपिक श्रीमंत हे तिसरीत माझ्या वर्गात होते. चौकशीला घरी आले नि म्हणाले, "बाई, पुनर्वसन म्हंजी धरण. तुमचं काय बुडालं त्ये लिवा." मी म्हटले, "अरे, बुडालं नाही, मोडलं." तर म्हणाले, "मोडल्याचा रकाना न्हाई, बाई." सबब मी बुडीत मालमत्तेच्या रकान्यात 'उजवा पाय, एक' असे लिहिले.

३. त्यावर तलाठी पंचनाम्यास आले. माझ्या पायाची चतुःसीमा लिहिली: पूर्वेस भिंत, उत्तरेस खाटेची कड, दक्षिणेस खुद्द अर्जदार, पश्चिमेस अर्जदाराचाच दुसरा पाय. शेरा: 'पूर्णतः बाधित.' शेजारच्या पुष्पावतीबाईंनी पंच म्हणून सही केली व हसू आवरत घरी गेल्या.

४. माझे नाव शोधताना आपल्या दप्तरात माझा सव्वीस वर्षांपूर्वीचा अर्ज सापडला. हिवरबन पाण्याखाली गेले तेव्हा मी घरासाठी जागा मागितली होती. ती आता मंजूर झाली आहे. आभारी आहे. मात्र आदेशात अट आहे, की १५ डिसेंबर रोजी अर्जदाराने चारही हद्दी स्वतः पायी फिरून ताबा घ्यावा, अन्यथा मंजुरी रद्द. बैलगाडीतून फिरले तर चालेल का, असे मी विचारले. श्रीमंत म्हणाले, "पायी म्हंजी पायी, बाई." शब्दाचा अर्थ काटेकोर धरावा हे मीच त्याला शिकवले होते.

५. गाव सोडताना माझ्या यजमानांनी घराची सागवानी चौकट उतरवून गाडीत घातली. त्या चौकटीवर आमच्या शाळेतल्या पोरांची उंची खडूने मांडलेली असे. श्रीमंत सर्वांत खाली. यजमान म्हणाले होते, "जागा मिळाली की आधी ही उभी करायची." ते गेले त्याला अकरा वर्षे झाली. चौकट भाड्याच्या खोलीत भिंतीला टेकून आहे. सध्या तिला धरून मी रोज उभी राहते. पाच आकडे मोजते, बसते.

६. आपल्याच पंचनाम्याप्रमाणे माझा पाय बाधित आहे, आणि बाधितांचे पुनर्वसन शासनाच्या खर्चाने होते. तरी शुश्रूषागृहाचा व व्यायामोपचाराचा खर्च मंजूर करावा, किंवा ज्यांच्याकडे पायांचे खाते आहे त्यांच्याकडे हा अर्ज आपल्या शिफारशीने धाडावा. डॉक्टर म्हणतात, तीन महिन्यांत चालाल. आज सुरुवात झाली तर १५ डिसेंबरला बरोबर तीन महिने भरतात. या अर्जाला पुन्हा सव्वीस वर्षे लागल्यास मी शंभर वर्षांची असेन. हद्दी तेव्हाही फिरेन, पण सावकाश.

चौकट तयार आहे. पायाचे तेवढे पाहावे.

आपली नम्र व सध्या एका जागी स्थिर,
मालनबाई रंभाजी गागरे

सोबत: १) डॉक्टरांची चिठ्ठी. २) पायाचा पंचनामा. ३) भूखंडाचा आदेश. ४) 'पुनर्वसन' या शब्दाचे दोन अर्थ, सुवाच्य अक्षरात, चि. श्रीमंत याने दहा वेळा लिहून काढण्यासाठी.