ताईचा डोळा आणि तीन कोटेशनं

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ.

ताईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. १३, गुरुवार, सकाळी नऊ. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पुरता पिकलाय, डावा आधीपासूनच यथातथा. डॉक्टर म्हणाले, आता लांबवू नका, नंतर काम अवघड होईल. हॉस्पिटलची अट अशी की जवळचा नातेवाईक समोर हवा. सही करायला आणि पुढे आठवडाभर थेंब घालायला.

ताईला माझ्याशिवाय आहे कोण? भावजी गेले, मूलबाळ नाही. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ती सोळाची. तेव्हापासून मला तिनेच वाढवलं. मी फोनवर छातीठोकपणे सांगितलं, मी येतो. ती हसली. का हसली ते कळलं नाही. मग म्हणाली, छोट्या, खरंच ये हं.

बायको इथल्या नेत्रालयात नोंदणीच्या काउंटरवर असते. ती म्हणाली, ताईंनाच इकडे बोलवा, मी दोन दिवसांत नंबर लावते. मी साफ नाही म्हटलं. बासष्ट वर्षांच्या बाईने एका डोळ्याने अकराशे किलोमीटर यायचं आणि धडधाकट भावाने घरी बसून वाट बघायची? तिने विचारलं, मग तुम्ही कसे जाणार? म्हटलं, ते माझ्यावर सोड. तिने तोंड फिरवलं. बहुतेक हसत होती. आज सगळ्यांना हसूच फार येतंय.

४ नोव्हेंबर, मंगळवार. ऑफिस, लंच टाइम.

कामाला लागलो. सव्वीस वर्षं पर्चेस खात्यात काढली ती उगाच नाही. नियम साधा आहे: तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, मंजुरी, मग ऑर्डर. साध्या नट-बोल्टसाठी मी हा नियम मोडलेला नाही, सख्ख्या बहिणीसाठी कसा मोडेन?

मुलगी म्हणाली, बाबा, विमानाला एक तास चाळीस मिनिटं, बसला बावीस तास, यात ठरवायचं काय? या पिढीला प्रक्रिया म्हणजे काय ते ठाऊकच नाही.

अडचण एकच. कोटेशनं दोनच होतात, विमान आणि बस. रेल्वे दोनदा बदलावी लागते आणि तिसऱ्या दिवशी पोचवते, त्यामुळे ती तांत्रिक छाननीतच बाद. तिसरं कोटेशन म्हणून टॅक्सीवाल्याला फोन केला. अंतर ऐकून त्याने विचारलं, पेशंट आहे की बॉडी न्यायचीय? फोन ठेवला. उद्या दुसरा टॅक्सीवाला बघतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळ.

तिसरं कोटेशन आलं. तक्ता तयार. काय देखणा झालाय! रकाने: वेळ, भाडं, सामान, पाय पसरायला जागा, बाहेरचं दृश्य, आणीबाणीत बाहेर पडण्याची सोय.

शेवटचा रकाना माझी स्वतःची भर. बससमोर लिहिलं, ड्रायव्हरला सांगून कुठेही उतरता येतं. विमानासमोर काय लिहावं यावर बराच वेळ गेला. शेवटी रेघ मारली.

बायकोने तक्ता वाचला आणि विचारलं, तुम्हाला विमानातून मध्येच कुठे उतरायचंय? या बाईला तुलनात्मक अभ्यासाची गोडीच नाही.

नोंद असावी: मला विमानाची भीती वगैरे बिलकुल नाही. आजवर योग आला नाही इतकंच. ऑफिसने ट्रेनिंगसाठी दोनदा विमानाचं तिकीट दिलं होतं. एकदा ताप आला, एकदा पाय मुरगळला. दोन्ही वेळी मला स्वतःलाच फार वाईट वाटलं होतं.

८ नोव्हेंबर, शनिवार.

ताईचा फोन. सहज विचारते म्हणाली, तिकीट काढलंस का? सांगितलं, प्रक्रिया अंतिम टप्प्यात आहे. ती म्हणाली, कालपासून दुधाची पिशवी कुठे कापायची ते दिसत नाही रे, बोटाने चाचपून कापते.

फोन ठेवल्यावर अस्वस्थ वाटलं. भावजींच्या वेळीही मी बसने गेलो होतो. पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. ताई दारात उभी होती, म्हणाली, हातपाय धू, चहा ठेवते. तेव्हा रस्ता खराब होता. आता रस्ता पुष्कळ सुधारलाय असं ट्रॅव्हल्सवाला सांगतो.

तरी संकल्प केला. उंचीचा सराव करायचा, म्हणजे ऐनवेळी निर्णय कुठलाही झाला तरी तयारी असावी. ऑफिसच्या गच्चीवर गेलो, नववा मजला. कठड्यापासून आठ पावलांवर पाच मिनिटं उभा राहिलो. उत्तम जमलं. पाय थरथरले ते नाश्ता केला नव्हता म्हणून. वॉचमन हाताला धरून खाली घेऊन आला, म्हणाला, साहेब, घरी काही टेन्शन आहे का? लोकांना नसते उपद्व्याप फार.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळ.

घात झाला. मुलीने परस्पर विमानाचं तिकीट काढलं. १२ तारीख, सकाळी दहा चाळीस, खिडकीची सीट. मंजुरी नाही, ऑर्डर नाही, थेट खरेदी! ऑफिसात असं कोणी केलं असतं तर चौकशी लागली असती.

वर म्हणते, रद्द होणार नाही असंच तिकीट मुद्दाम काढलंय. मुद्दाम हा शब्द तिने दोनदा वापरला. आणि ताईला फोन करून सांगूनही टाकलं, आत्या, बाबा विमानाने येतायत. आत्या रडली म्हणे.

आता सुटका नाही. म्हणजे सुटका हवी कोणाला? मी तर विमानाच्याच बाजूने होतो. फक्त पद्धतीला माझा आक्षेप आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार. ऑफिस.

साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना कळलंय. मीच सांगितलं. अकाउंट्समधली नवी मुलगी पुढच्या महिन्यात पहिल्यांदा विमानात बसणार आहे, तिने भीतभीत विचारलं, कान दुखतात का हो? मी तिला अर्धा तास मार्गदर्शन केलं. गोळी चघळायची, खाली बघायचं नाही, श्वास मोजायचा. ती म्हणाली, तुम्हाला किती सवय आहे! मी नुसता हसलो.

बॅग भरली. पर्चेसच्या शिस्तीने लेबल लावलं: नाव, पत्ता, घरचा फोन, खाली लाल शाईत "नाजूक". मुलीने विचारलं, बॅग का तुम्ही?

१२ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ८.५०. विमानतळ.

आलो. मी आत शिरेपर्यंत बायको आणि मुलगी हात हलवत होत्या. परत फिरायला जागाच ठेवली नाही.

९.१०. बॅग दिली. ती पट्ट्यावरून आत गेली. लेबल उठून दिसत होतं.

९.४५. गेटपाशी. सगळीकडे काचा. एकही उघडत नाही. दारं आपोआप उघडतात आणि आपोआप बंद होतात, हँडल कशालाच नाही. हे डिझाइन कोणी पास केलं?

१०.०५. विमान समोर उभं आहे. वाटलं होतं त्यापेक्षा लहान. दार एक. माणसं दीडशे. तळवे ओले. एसी नीट चालत नसावा.

१०.१५. रांग लागली. पोटात कळ आली. खरोखरची. नोंद असावी.

१०.३५. गणवेशातल्या बाईने तीनदा विचारलं, सर, नक्की जायचं नाही? सर, तुमची बॅग? म्हटलं, बॅग जाऊ दे, मी येतो मागून. तिने वॉकीटॉकीवर काहीतरी सांगितलं आणि एक माणूस मला मागच्या वाटेने बाहेर सोडून आला. बाहेर आल्यावर कळ थांबली.

दुपारी १. बस.

एकची बस मिळाली. ट्रॅव्हल्सवाला म्हणाला, उद्या अकरापर्यंत पोचते. पण ड्रायव्हर चांगला दिसतोय, वेळ भरून काढेल, म्हणजे नऊला पोचतो. ताईला फक्त इतकंच कळेल की मी आलो. कशाने आलो हा तपशील झाला.

२.३०. विमान एव्हाना उतरून दोन तास झाले असतील. फोन चालू करून बायकोला मेसेज केला: सुखरूप पोचलो, रेंज नाही. तिचं लगेच उत्तर आलं: बरं. ती इतकं थोडक्यात कधी लिहीत नाही. फोन बंद करून टाकला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ७.

पहाटे पाचपासून बस एका जागी उभी. घाटात पुढे ट्रक उलटलाय. शेजारचा गृहस्थ दीड सीटचा आहे, काल दुपारपासून माझ्या खांद्यावर झोपलाय. खिडकी बघितली. एकसंध काच, उघडायची सोय नाही. तक्त्यात हा मुद्दा राहून गेला.

८.१५. ड्रायव्हरला म्हटलं, मला उतरू दे, पुढे चालत जाऊन काहीतरी वाहन बघतो. तो म्हणाला, दरीच्या बाजूला दार उघडत नाही, बसून राहा. लहान मुलाला सांगावं तसं बोलला.

९.००. नऊ वाजले.

९.०५. फोन चालू केला. रेंज नाही. या वेळी खरोखरच नाही.

११.४०. ताई त्या हॉस्पिटलच्या बाकावर बसली असेल. दार उघडलं की मान वर करत असेल, आणि आत आलेला माणूस मी आहे की दुसरा कोणी, ते तिला जवळ आल्याशिवाय कळत नसेल. मला बस, विमान, काहीच नको होतं. मला फक्त तिथे असायचं होतं.

२.१०. बस हलली. अजून वेळ गेलेली नाही. डॉक्टर माणूसच असतो, समजून घेईल.

रात्री ८.३०. ताईचं घर.

दाराला कुलूप. शेजारीण चावी घेऊन बाहेर आली, मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, तुम्हीच का ते भाऊ? मग सगळं सांगितलं. सकाळी हॉस्पिटलने नातेवाईक नाही म्हणून ताईला परत पाठवलं. डॉक्टर उद्यापासून तीन आठवडे सुट्टीवर. ताई घरी आली, अर्धा तास बसून राहिली, मग माझ्या बायकोशी फोनवर बोलली आणि दोन तासांत पिशवी घेऊन विमानतळावर गेली. तीनचं विमान. आयुष्यात पहिल्यांदा. शेजारणीला म्हणाली, एका डोळ्याने का होईना, खिडकीतून बघणार आहे.

बायकोला फोन केला. तिला कालच साडेअकराला सगळं कळलं होतं. विमानतळावरून फोन आला होता, तुमच्या घरची नाजूक बॅग इथे पडलीय, घेऊन जा. ती जाऊन घेऊन आली. माझा सुखरूप पोचल्याचा मेसेज तिला मिळाला तेव्हा बॅग तिच्या मांडीवर होती म्हणे. बसने तरी मी वेळेवर पोचेन या आशेवर तिने ताईला काही सांगितलं नव्हतं. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली नाही. म्हणाली, ताईंचं ऑपरेशन उद्या दुपारी दोन वाजता, आमच्याकडे. बसने तुम्ही वेळेवर पोचणार नाही. सकाळी आठचं विमान आहे, तिकीट काढलंय.

म्हटलं, येतो. अगदी मनापासून म्हटलं. या वेळी कोटेशन नाही, तक्ता नाही. सरळ जायचं, बसायचं, डोळे मिटायचे. एक तास चाळीस मिनिटं. बासष्ट वर्षांची बाई जाते आणि मी जाऊ शकत नाही?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ६.१०.

रिक्षा आलीय. निघालो. बॅगच नाही, त्यामुळे अडकायला काही नाही. मन शांत आहे.

दुपारी २.२०. बस.

मला विमानाची भीती वाटते. आधीपासून वाटते. तापही आला नव्हता आणि पायही मुरगळला नव्हता. आज रिक्षातून उतरलोसुद्धा नाही. रिक्षावाल्याला म्हटलं, स्टँडवर घे.

आत्ताच बायकोचा फोन येऊन गेला. ताईला आत नेलं. सही बायकोने केली. आत नेताना डॉक्टरांनी विचारलं, तुमचे भाऊ येणार होते ना? ताई म्हणाली, निघालाय तो.