आइसपॅकला घाम सुटेपर्यंत

३ मार्च, सोमवार
कोर्स सुरू केला. जागतिक आरोग्य – नाव केवढं! माझं जग म्हणजे हॉस्पिटलच्या तळघरातली लशींची खोली, तीन फ्रीज आणि एक खुर्ची. लेक फोनवर म्हणाली, "आई, फुकट आहे, घरबसल्या होतो, करून टाक. तेवढाच वेळ जाईल." फुकट ते पौष्टिक, दुसरं काय. पण वेळ जात नाही हे मी तिला कधी सांगितलं?

५ मार्च
लस साठवण्याचा धडा. बावीस वर्षं हेच करतेय, नवीन काही नाही. तरी शेवटपर्यंत पाहिला. समोरून कोणीतरी बोलत होतं.

९ मार्च, रविवार
धड्याखाली चर्चेचं पान आहे. सगळे 'छान' आणि 'धन्यवाद' लिहून मोकळे. त्यातच एका नर्सचा प्रश्न, कुठल्या तरी लांबच्या देशातून – 'मी गावात एकटीच नर्स. घटसर्पाचे डोस सगळे वेळेवर दिले. तरी तीन मुलांना घटसर्प झाला, एक गेलं. त्याची आई माझ्याशी बोलत नाही. माझं काय चुकलं? इथे कोणी आहे का?'
खाली एकही उत्तर नाही. शेवटचं वाक्य तीनदा वाचलं.

१० मार्च
जेवणाच्या सुट्टीत उत्तर लिहिलं, जमेल तशा इंग्रजीत. डबा तसाच राहिला. 'बाई, लस नेताना आइसपॅक फ्रीजरमधून काढून थेट पेटीत ठेवता का? तसं करू नका. आधी बाहेर ठेवा, घाम सुटू द्या, हलवल्यावर आत पाणी डुचमळलं की मगच. नाहीतर ही लस गोठते. मग पुन्हा पातळ होते, दिसते चांगली, पण निकामी. मी इथे आहे.'
पाठवलं. फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत मला कोणी काही विचारलंच नव्हतं.

१२ मार्च
उत्तर नाही.

१३ मार्च
नाही. सारखं काय उघडून बघतेय मी?

१७ मार्च, सोमवार
अगं बाई – तारीख बघितलीच नव्हती! प्रश्न पाच वर्षांपूर्वीचा. कोर्स तोच चालू राहतो, जुन्या चर्चा तशाच पडून असतात. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. फार्मासिस्टला सांगितलं, तर हसता हसता त्याचा चहा सांडला. "ताई, आता ती बाई आजी झाली असेल." मीही हसले.
मग खाली येऊन रडले. लाजेनं नाही. ती विचारत होती तेव्हाही मी याच खुर्चीवर बसले होते, आणि मला उत्तर माहीत होतं.

२१ मार्च
प्रमाणपत्र आलं. लेकीला फोटो पाठवला. तिकडून एक अंगठा आला.

२ एप्रिल
त्या नर्सनं लिहिलंय. 'थेटच ठेवायचे. कोणी सांगितलंच नव्हतं. मूल गेलं त्या महिन्यातच नोकरी सोडली मी. काल दवाखान्यात जाऊन आले. माझ्या जागी एक नवी मुलगी आहे. तीही थेटच ठेवत होती.'