न चोळलेला पाय

१२ मार्च

यामिलेतचा डावा पाय सुजलाय. परवाच तिसरी केमो झाली. पोटरी गरम, दगडासारखी घट्ट. मी कोंबडीची चरबी कोमट करून आणली — निम्म्या एस्तेली गावाचे मुरगळलेले पाय मी चोळून चालते केले, पोटच्या पोरीचा नाही चोळणार? तर बाईसाहेबांनी पाय ओढून घेतला! "आई, हात लावू नकोस. नर्सनं बजावलंय — एकच पाय सुजला तर कुणाला चोळू द्यायचा नाही, तडक यायचं. आईलासुद्धा नाही!"

आईलासुद्धा! वाडगं आपटलं मी. डोक्यावर केस नाही, अंगात त्राण नाही, तरी स्वतःच टॅक्सी बोलावून गेली. मी मागे.

१३ मार्च

शिरेत रक्ताची गाठ. कॅन्सर आणि केमोनं रक्त असं गोठू शकतं म्हणे. डॉक्टरीण म्हणाली, "चोळला असता तर गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती. मग कदाचित..." पुढचं मी ऐकलंच नाही. दिवसभर स्वतःच्या हातांकडे बघत बसले.

२० मार्च

रोज पोटात इंजेक्शन, रक्त पातळ करायला. टोचायला गेले आणि सुई पोटाशी नेऊन तीनदा मागे घेतली. "दे इकडे! तुला कोंबडीची चरबीच बरी," म्हणाली आणि घेतलं की स्वतःच टोचून! वर मलाच कॉफी पाजली. धन्य पोरगी. कुणावर गेलीय कोण जाणे — माझ्यावर नक्कीच नाही.

२ एप्रिल

शेजारची तोमासा आली होती. "काय हो पेत्रोनाबाई, पोरीचा पाय डॉक्टरांकडे आणि आमचे तेवढे तुम्ही चोळणार?" आतून यामिलेत ओरडली, "मावशी, कधी चोळायचं नाही तेही माझ्या आईला कळतं! म्हणून तर सगळे तिच्याकडे येतात."

खोटारडी! चुलीपाशी जाऊन रडले. इतक्या दुखण्यात तिनं माझी लाज राखली.

१८ मे

आज केळीच्या पानात उकडलेला अख्खा नाकातामाल खाल्ला! पोट टोचून टोचून निळंजांभळं, जीभ मात्र शाबूत.

९ सप्टेंबर

केमो संपली, गाठ विरघळली. घरी आल्या आल्या यामिलेतनं पाय माझ्या मांडीवर टाकला. "आता चोळ, आई. डॉक्टरीणबाईंना विचारून आलेय."

चरबी कोमट केली. पण माझे हात पुढे होईनात. मग तिनंच ते धरले आणि पायावर ठेवले.